तोंडाजवळचं काम

आयब्रो करणं हे अगदी तोंडाजवळचं काम आहे. डोंबिवली पूर्वेला एका गाळ्यात माझं पार्लर आहे. एक खुर्ची, एक आरसा आणि बसायला एक बाक. सतरा वर्षं मी तिथे उभी राहून बायकांच्या भुवया कोरतेय. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत आणि माझं तोंड गिऱ्हाइकाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर. तिने डोळे मिटलेले असतात. एका हाताने पापणी आणि दुसऱ्या हाताने कपाळाची कातडी ताणून धरलेली असते. म्हणजे बिचारीला नाक दाबायचं म्हटलं तरी हात मोकळा नसतो. हे माझ्या लक्षात यायला सतरा वर्षं लागली. आलं तेव्हा मी घरी मोरीत बसून रडले, आणि रडता रडता मला हसूही आलं.

आधी माझा स्वभाव सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा राग नाकावर असतो, असं माहेरी सगळे म्हणायचे. सासरी कोणी म्हणत नाही, कारण तेवढी हिंमत कोणात नाही. कामात मात्र मी चोख. चार मिनिटांत दोन्ही भुवया, एकसारख्या. त्याचा मला गर्व होता आणि दुसऱ्या एका गोष्टीचाही होता. आमच्या गाळ्याला संडास नाही. म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. सकाळी निघताना एक कप चहा, नंतर रात्री आठला घरी गेल्यावर तांब्याभर पाणी. "मला बाई दिवसभर तहानच लागत नाही," असं मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, जशी काही तपश्चर्याच करतेय.

डबा खायचा तो दोन गिऱ्हाइकांच्या मधे, उभ्या उभ्या. गाळ्यात बेसिनही नाही, त्यामुळे खाऊन झालं की नॅपकिनने तोंड पुसायचं आणि दोरा दातात धरायचा. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीला उपवास. नवरात्रात नऊही दिवस, दोन कप चहा आणि रात्रीची भगर. तोंडात कायम बडीशेप. माझ्या मते बडीशेप खाणाऱ्या माणसाच्या तोंडाला वास येणं शक्यच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या बिल्डिंगमध्ये काचेचं दार असलेलं, एसीचं सलोन उघडलं आणि माझी गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. कोणी म्हणायची, काकू, आता ऑफिसजवळच करते. कोणी म्हणायची, सध्या वाढवतेय. भुवया कोण वाढवतं? मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करायचे. एसीची हवा लागली, काचेच्या दाराला भुलल्या, दहा-दहा वर्षांचं नातं विसरल्या. मी पंखा बदलला, आरसा बदलला, भिंतीला गुलाबी रंग दिला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं माझं चाललं होतं. खुर्ची दिवसेंदिवस रिकामी राहायला लागली, आणि पार्लर बंद करावं लागणार की काय, या विचाराने मला झोप येईना.

गेल्या नवरात्रात तर कमालच झाली. नवरात्र म्हणजे आमचा हंगाम. नऊ रंगांच्या साड्या, गरबा, टेंभी नाक्याच्या देवीला जायची घाई. दुसऱ्या माळेपासून एरवी बाकावर जागा नसते. त्या वर्षी बाकावर मी एकटी बसून होते. पाचव्या की सहाव्या दिवशी संध्याकाळी समोरच्या काचेच्या दारातून एक मुलगी बाहेर पडली. भुवया नुकत्याच केलेल्या, थोड्या लाल.

ती मुलगी साधी गिऱ्हाईक नव्हती. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी तिची आई तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली होती. तिच्या भुवयांना पहिला दोरा माझा लागला. तेव्हा ती खुर्चीत ओरडली होती आणि मी म्हटलं होतं, "ओरडू नकोस, तुझ्या लग्नात नवरी मीच सजवणार आहे, सवय कर." ती आता सत्तावीस वर्षांची होती. लग्न ठरलं होतं, तारीखही निघाली होती. आणि तीच बया समोरच्या दारातून बाहेर येत होती.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी गाळ्याच्या पायरीवरूनच ओरडले, "काय गं, एसीची हवा चांगलीच मानवली वाटतं! गरिबाच्या पंख्याखाली आता बसवत नाही का?" रस्त्यावर गर्दी होती. शेजारची भाजीवाली मान वर करून बघायला लागली. दोन-तीन ओळखीच्या बायका थांबल्या. मुलगी लालबुंद झाली. तिने तोंड उघडलं, परत मिटलं, आणि निघून गेली. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, शटर अर्धं खाली होतं तेव्हा, ती वाकून आत आली. ऑफिसातून हाफ डे घेऊन आली होती, हे मला नंतर कळलं. खुर्चीत बसली नाही, बाकावर बसली.

"काकू, एक बोलायचंय. तुम्ही रागावलात तरी चालेल."

"बोल ना. आता काय राहिलंय बोलायचं?"

 माझ्याकडे बघत ती म्हणाली, "काकू, तुमच्या तोंडाला वास येतो. म्हणजे, खूपच येतो. म्हणून मी तिकडे गेलेले. एसीसाठी नाही."

 मी म्हटलं, "तुला समोरचीने पाठवलं का गं? किती दिले तिने?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कोणी कशाला पाठवेल? मला लग्नात तुम्हीच हव्या आहात. पण आयब्रो म्हणजे चार मिनिटं, कशीही काढता येतात. नवरीचा मेकअप दोन तास चालणार, काकू. त्या दिवशी मला तुमच्यापासून तोंड फिरवायचं नाहीये. म्हणून सांगितलं."

"नीघ इथून," मी म्हटलं. खरंच म्हटलं. अजून तो आवाज आठवला की माझी मान खाली जाते. ती उठली, शटरखालून वाकून निघून गेली.

 मग कुठेतरी ऐकलेलं आठवलं, की मनगट चाटायचं, थोडं वाळू द्यायचं आणि हुंगायचं. आरशाकडे पाठ करून मी मनगटाच्या आतल्या बाजूला जीभ लावली. पंख्याखाली हात धरला. नाकाजवळ नेला, आणि माझ्याच हातापासून मी तोंड फिरवलं.

त्या दिवशी पार्लर बंद करून मी लवकर घरी गेले, मोरीत बसले, आणि सुरुवातीला सांगितलं ते रडणं-हसणं झालं. एकेक चेहरा आठवत होता. कोणी गाल वळवायची, कोणी मधेच खोकायची, एकजण तर दर वेळी नाकाला विक्स लावून यायची आणि मी तिला विचारायचे, तुला बारा महिने सर्दी कशी गं? नवरा घरी आल्यावर मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, तुम्हाला एवढ्या वर्षांत कळलं नाही? तो माणूस केमिकलच्या कंपनीत बावीस वर्षं काढलेला. शांतपणे म्हणाला, "मला घरात गॅस लीक झाला तरी कळत नाही, तू कुठलं घेऊन बसलीस?" खरं होतं. कुकरमधला भात करपला तरी मीच पळत जाते.

आमच्या गाळ्याच्या वर पहिल्या मजल्यावर एक दातांची डॉक्टर आहे, तिशीतली, गोड मुलगी. पूर्वी ती माझ्याकडे भुवया करायला यायची, मग बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी मी जिना चढून वर गेले. तोंडावर पदर धरूनच बोलले. तिने पदर काढायला लावला, खुर्चीत निजवलं, दिवा तोंडावर आणला, आणि बघून झाल्यावर म्हणाली, "बरं झालं आलात."

"तुम्हाला माहीत होतं?"

ती ओशाळली. "काकू, सांगायचं असं ठरवून मी दोनदा खाली आले होते. दोन्ही वेळा आयब्रो करून परत वर गेले."

मला एकदम त्या मुलीची आठवण झाली. जिचा हा धंदा, रोज शंभर तोंडांत बघते, तिलाही ते बोलायचा धीर झाला नाही. आणि ज्या पोरीला मी रस्त्यात चारचौघांत टोचून बोलले, तिला तिथल्या तिथे मला पुरतं उघडं पाडता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिने गिळलं आणि दुसऱ्या दिवशी कोणी नसताना येऊन सांगितलं. माझ्या हातून भुवया होण्यापलीकडे तिचं माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

डॉक्टरने मला जे सांगितलं ते औषधापेक्षा वळणाचं जास्त होतं. जिभेवर मागच्या बाजूला पांढरट थर होता, दातांच्या मुळाशी कीटण होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. ते तिने दोन बैठकांत साफ केलं. बाकीचं माझ्यावर होतं. "तोंडात लाळ असते ना, ती दिवसभर तोंड धूत असते," ती म्हणाली. "तुम्ही पाणीच पीत नाही, मग लाळ येणार कुठून? वर उपास. तोंड नुसतं कोरडं ठणठणीत." मी बडीशेपेचं सांगितलं. ती म्हणाली, "कचऱ्याच्या डब्यावर अगरबत्ती लावण्यातला प्रकार आहे तो." मला राग यायला हवा होता. पण आला नाही, याचंच मला नवल वाटलं.

पाणी पिण्याची अडचण मी तिला सांगितली. ती म्हणाली, "माझ्या क्लिनिकचं टॉयलेट आहे ना. कधीही या. रिसेप्शनला सांगून ठेवते." सतरा वर्षं ज्या गोष्टीची मी तपश्चर्या करून ठेवली होती, ती जिन्याच्या बारा पायऱ्यांवर होती. मी कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं म्हणजे कोणापुढे तरी वाकायचं, आणि ते मला कुठे जमतंय?

मग शहाणपणाही केला. डॉक्टर म्हणाली होती, रात्री ब्रशच्या आधी दातांच्या फटींतून फ्लॉस फिरवा, तो एक दोराच असतो. दोरा म्हटल्यावर मला कोणी शिकवायचं? इतकी वर्षं तोच तर दातात धरतेय. घरी जाऊन मी माझ्याच थ्रेडिंगच्या रिळाचा हातभर दोरा तोडला आणि ज्या झटक्याने भुवईचा केस उपटते त्याच झटक्याने फटीत ओढला. हिरडी कापली, बेसिन लाल झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने मेण लावलेल्या फ्लॉसची डबी माझ्या हातात ठेवली आणि हळूहळू, मागेपुढे करत कसा न्यायचा, ते आरशात दाखवलं.

हळूहळू दिवसाला वळण लागलं. सकाळी उठल्यावर ब्रश आणि टंग क्लीनर, जीभ मागून पुढे, जोर न लावता. गाळ्यात पाण्याच्या दोन बाटल्या, संध्याकाळपर्यंत दोन्ही रिकाम्या करायच्या. शटरला एक पाटी लावली, "पाच मिनिटांत येते". दुपारी एक वाजता बसून जेवायचं, गिऱ्हाईक आलं तर ते थांबेल. उपवास चालू ठेवले, पण फळं खाऊन आणि ताक-पाणी पीत. देवीला सांगितलं, आई, माझा उपास बायकांना भोवतोय, तेवढं समजून घे. आणि रात्रीचा ब्रश, कितीही दमले तरी.

जेवल्यावर वर जाऊन चूळ भरायला लागले तेव्हा मला माझे वडील आठवले. आम्ही कल्याणजवळ मोहन्याला चाळीत राहायचो, ते कारखान्यात शिफ्टला होते. जेवून उठले की मागच्या दाराशी उभे राहून सात-आठ वेळा खळखळून चूळ भरायचे, तो आवाज चार घरं ऐकू जायचा. आम्हा पोरांनाही करायला लावायचे. मला त्या आवाजाची लाज वाटायची. लग्न होऊन फ्लॅटमध्ये आले आणि ती सवय गावंढळ म्हणून मी मुद्दाम सोडली. ते आज असते तर त्यांच्या पाया पडून सांगितलं असतं, बाबा, तुमचं बरोबर होतं.

महिना-दीड महिना गेला. मनगटाला आता काही येत नव्हतं, पण स्वतःच्या नाकावर माझा भरवसा उरला नव्हता. विचारायचं कोणाला? नवऱ्याच्या नाकाचं सांगितलंच. शेवटी धीर करून शेजारच्या भाजीवालीसमोर उकिडवी बसले. शीळफाट्याकडच्या गावची म्हातारी, रोज पहाटे टोपली घेऊन येते, बोलायला फटकळ. मी तिच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, "मावशी, खरं सांगा, माझ्या तोंडाला वास येतो का?"

तिने माझ्याकडे बघितलं, नाक पुढे केलं आणि म्हणाली, "नाय. आता नाय येत."

"म्हणजे आधी येत होता?"

"येत व्हता ना गो! पन तुला सांगनार कोन? तू कवरी तापट!"

दोन जुड्या पालक घेऊन मी गाळ्यात परत आले. ते वाक्य दिवसभर माझ्या पोटात होतं. वास तर एका बाजूला. माझ्या तोंडाजवळ येऊन बोलायची बायकांना भीती वाटत होती, आणि ती वासामुळे नव्हती. एकटी ती मुलगी बोलली आणि तिला मी हाकलून दिलं. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिने तोंड दाखवलं नव्हतं, आणि तिची बाजू शंभर टक्के बरोबर होती. नवरीचा मेकअप कोणीतरी दुसरी करणार, हे मी धरून चालले होते. ते मला पार्लर बंद होण्यापेक्षा जास्त लागत होतं.

रविवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. सतरा वर्षांत गिऱ्हाइकाच्या दारात मी पहिल्यांदाच उभी होते. दार तिच्या आईने उघडलं. मुलगी पत्रिका वाटायला कल्याणला गेली होती. आईने मला आत बसवलं, चिवड्याची बशी पुढे केली. माफी कशी मागायची याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात आईच म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. मी हिच्या मागे लागलेले, अगं, सगळ्या नवऱ्या चार-चार महिने आधी बुक करतात, तू काकूंना एकदा विचारून तरी ये. तर म्हणते, काकूंना माहितीये, त्यांनी मला दहावीत असतानाच सांगून ठेवलंय. आतेबहिणीने ठाण्याची एक पार्लरवाली सुचवली होती, तिला हिने सरळ नाही सांगितलं."

आईला काहीही माहीत नव्हतं. रस्त्यातलं माझं ओरडणं, वासाचं, "नीघ इथून", यातलं एक अक्षर त्या पोरीने घरात काढलं नव्हतं. मी चिवड्याचा घास घेऊ शकले नाही. डोळ्याला पदर लावला तर आई म्हणाली, "अहो, मुलीकडच्या आम्ही, रडायचं आम्ही!" मी हसले आणि तिचे दोन्ही हात धरले. मनात म्हटलं, बाई, अशी मुलगी मोठी केलीस, तुझे उपकार आहेत माझ्यावर.

लग्नाच्या दोन दिवस आधी, सकाळी गाळा उघडल्या उघडल्या ती आली. मी तिला आधी बाकावर बसवलं आणि तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "मी चुकले. दोन्ही वेळा चुकले. तू सांगितलंस म्हणून मी आज इथे उभी आहे." ती म्हणाली, "काकू, पुरे ना. उशीर होतोय, अजून मेंदी आहे." आणि स्वतःच उठून खुर्चीत बसली.

मी सकाळपासून तीनदा ब्रश केला होता. जीभ घासून घासून लाल झाली होती. पाऊण बाटली पाणी पोटात होतं. तरीही दोरा दातात धरून तिच्या कपाळावर वाकले आणि मला धीर होईना. मी श्वास आवरून धरला. उजवी भुवई झाली. वर येऊन तोंड फिरवून श्वास घेतला, परत वाकले, परत आवरला. डावी भुवई अर्ध्यावर आली तेव्हा दोरा दोनदा केसावरून घसरला. सतरा वर्षांत माझा दोरा कधी घसरला नव्हता.

डोळे न उघडता ती हळूच म्हणाली, "काकू, श्वास घ्या."

मी दोरा तसाच ताणून धरला.

"घ्या ना. सोडा. काही होत नाही."

मी श्वास सोडला, तिच्या चेहऱ्यावर, अगदी जवळून. तिच्या कपाळाला आठी पडली नाही. तिच्या ओठांवर थोडं हसू आलं, आणि ती तशीच, निवांत, माझ्या तोंडाखाली पडून राहिली.